सायबाची खुर्ची कुणी फाडली?

१

लग्नावरून आल्यावर समृद्धीनं सोप्याचं कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि अशी किंचाळली, की मागं गोठ्यात म्हशीनं पान्हाच चोरला.

धार काढत बसलेली हर्षाली बादली तशीच ठेवून धावली. बघते तर काय, सोप्यात खिडकीपाशी ठेवलेल्या त्या खुर्चीची बैठक उभी-आडवी फाडलेली. वेताच्या काड्या खाली लोंबत होत्या. सगळ्या महाळुंगे पडवळ गावात जिची चर्चा होती ती ही खुर्ची. रुंद हात, मागं रेललेली पाठ, खाली निमुळते होत गेलेले तिरके पाय. धरणाच्या कॉलनीतला जुना बंगला पाडला तेव्हाच्या लिलावात समृद्धीनं ती दीडशे रुपयांत उचलली होती. बंगल्यात इंजिनिअर साहेब बसायचा तीच, म्हणून गाव तिला सायबाची खुर्ची म्हणायचं.

फाटलेल्या वेताखाली फरशीवर एक खुरपं पडलं होतं. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेलं.

ते कुणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. हाताला फोड येतात म्हणून ती ट्यूब हर्षालीनंच गुंडाळली होती आणि सगळ्या घराला ते ठाऊक होतं.

समृद्धीच्या मागून सासूबाई बयाबाई आल्या, मग समृद्धीचा नवरा अमृत, मग त्याचा थोरला भाऊ, हर्षालीचा नवरा गोरख. सगळ्यांनी आधी खुर्चीकडं बघितलं, मग खुरप्याकडं आणि मग हर्षालीकडं.

"ताई," समृद्धी रडत म्हणाली, "लग्नावरून सगळ्यांच्या आधी तुम्हीच आलात ना घरी?"

"धारेची वेळ झाली म्हणून आले. मागल्या दारानं आले, सोप्यात पाऊल टाकलं न्हाई मी. सोप्याला कुलूप व्हतं!"

"त्या कुलपाच्या चाव्या दोनच आहेत. एक माझ्याकडं आणि एक तुमच्याकडं."

हर्षालीचा हात नकळत कमरेकडं गेला. चावी होती तिथंच होती. ती नसती तर बरं झालं असतं, असं तिला त्या घडीला वाटलं.

२

खरं सांगायचं तर, घरच्यांनी संशय घ्यावा असंच हर्षालीचं वागणं होतं. ती जळत होती. आजची नाही, दोन वर्षं जळत होती, आणि ते लपवायची अक्कल तिला नव्हती.

पण त्या जळण्यालाही कारण होतं हो. एक्क्याण्णव साली तिचं लग्न झालं, तेव्हा तिचा बाप जानकू धरणाच्या कामावर चौकीदार होता. लेकीला लोखंडी कपाट द्यायची ऐपत नव्हती. एका साहेबाची बदली झाली, तो जाताना सामान टाकून गेला; त्यातलं एक बुटकं लाकडी कपाट जानकूनं पुसून-पासून लेकीबरोबर धाडलं. सरकती दारं, खाली चार तिरके पाय, नक्षी म्हणून नाही. वऱ्हाडात हशा पिकला. "पाय फाकवून उभं राहिलंय बघा, जनावर हाय का कपाट!" असं बायका म्हणाल्या. बयाबाईंनी त्याच दिवशी ते मागच्या खोलीत टाकलं. हर्षालीनं त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलं, वर पिठाचे डबे रचले आणि चौदा वर्षांत कुणाला ते दाखवलं नाही.

मग आली समृद्धी. मंचरची पोरगी, लोखंडी कपाट, फ्रिज, सगळं घेऊन आलेली. आणि हिला नाद कसला लागावा? पुण्याच्या मावशीकडं घरसजावटीची मासिकं बघून बघून तिला साठ-पासष्ट सालातल्या सामानाचं वेड लागलं. झालर नको, नक्षी नको, सरळ रेघा, तिरके पाय, उघडं सागवान. आणि सगळं स्वस्तात. बुरुडाची पाटी उलटी टांगून तिनं दिवा केला, सोप्याची एक भिंत हळदी रंगवली, भंगारातून बुटकं टेबल आणलं. गाव हसेल म्हणून हर्षाली वाट बघत बसली. गाव हसलं नाही, बघायला येऊ लागलं. पुण्याच्या एका मासिकातली स्वप्ना नावाची मुलगी येऊन घर बघून गेली आणि आता परवा फोटो काढायला येणार होती.

"माझ्या बापानं दिलं ते भंगार आन हिनं आणलं ती फॅशन!" हर्षाली भांडी घासता घासता म्हणायची, आणि पातेल्यांची बुडं झिजायची.

आता ते सगळं तिच्या अंगावर आलं. बयाबाई पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "परवा पुण्याची माणसं यायच्या आत ज्यानं केलं त्यानं कबूल व्हावं. न्हाई तर गोरख, तू बायकापोरं घिऊन मळ्यातल्या खोलीत ऱ्हायला जा. घरात राहून घर फाडणारी माणसं मला नकोत."

"आत्या, मी कुणाचं नाव घेत नाही," समृद्धी डोळे पुसत सासूला म्हणाली. "ताई परवापर्यंत माहेरी जाऊन राहिल्या, तरी माझं डोकं शांत होईल. फोटोचं मी निभावून नेईन."

गोरखनं बायकोला बाजूला घेतलं. "खरं सांग. रागाच्या भरात तू तर न्हाई ना...?"

दुनियेनं म्हटलं असतं तर चाललं असतं. नवऱ्यानं विचारावं, हे हर्षालीला सोसेना. मुलं सुट्टीला मामाकडं गेली होती. ती परत आल्यावर त्यांना काय सांगायचं? तुमच्या आईनं खुर्ची फाडली म्हणून आपण मळ्यात आलो?

सगळे पांगल्यावर ती एकटी खुर्चीपाशी गेली. उजव्या हातावरचं क्रोशाचं रुमालवजा कव्हर तिनं उचललं. खालचं लाकूड आरशासारखं स्वच्छ होतं. तिनं डाव्या हातावरचं उचललं. तेही स्वच्छ.

हर्षालीनं उजवं कव्हर पुन्हा उचलून बघितलं. ही ती खुर्चीच नव्हती.

३

हे तिला कसं कळलं, ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं आणि तिला ते सांगायची सोय नव्हती.

मागच्या भाऊबीजेला समृद्धीचे भाऊ आले होते. सगळे खुर्चीचं कौतुक करत होते. हर्षाली चहा घेऊन गेली, तर कुणाचं लक्षही नाही. मग सगळे जेवायला आत गेल्यावर तिनं उकळत्या चहाचा स्टीलचा ग्लास उचलला, खुर्चीच्या उजव्या हातावर ठेवला आणि दाबून धरला. शंभर मोजेपर्यंत. ग्लास काढला तर खाली रुपयाएवढं नव्हे, चांगलं वाटीएवढं पांढरं वर्तुळ उठलेलं. तिला त्या दिवशी पुरणपोळी लई गोड लागली.

समृद्धीनं ते घासून बघितलं, निघेना, म्हणून वर क्रोशाचं कव्हर घातलं. हर्षाली मात्र येता-जाता कव्हराची कड उचलून बघायची, आपला डाग जागेवर आहे ना म्हणून. आणि आता तो डागच नव्हता.

म्हणजे खरी खुर्ची कुणीतरी नेली होती आणि फाडली होती ती दुसरी. पण हे सांगायचं तर डागाचं सांगावं लागणार. आणि डागाचं सांगितलं, तर कव्हराखालचं तुला काय ठाऊक असं कुणीही विचारणार, म्हणजे ही बाई खुर्चीच्या मुळावर उठलेली आहे हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं. इकडं आड तिकडं विहीर!

"बरं, मीच शोधते," ती पुटपुटली. त्या खुर्चीकडं घरातल्या कुणी बघितलं नसेल इतकं तिनं बघितलं होतं.

आधी ती बयाबाईंच्या पायाला तेल लावायला बसली. "आत्या, तुमाला तर ती खुर्ची पटत नव्हती."

"न्हाईच पटत. बुटकी मेली. बसलं की माझ्या गुडघ्यांनी उठवत न्हाई. पण मी फाडत बसन व्हय? सरळ चुलीत घालीन! ह्या घरात आजकाल कुणाला काय आवडंल त्याचा नेम न्हाई. ती पुण्याची पोरगी आली, तू तवा कांदा काढायला गेलती, तर सोपा सोडून अर्धा तास तुझ्या मागल्या खोलीत बसली. पिठाचं डबंसुदिक खाली उतरिवलं."

"माझ्या खोलीत? मला कुणी बोललं न्हाई."

"मला वाटलं समृद्धी बोलली असंल."

समृद्धी बोलली नव्हती. पण त्यानंतर दोनच दिवसांनी ती गोड बोलत आली होती: ताई, तुमचं जुनं कपाट मला द्या, मी तुम्हाला नवं कोरं लोखंडी घेऊन देते. बापाच्या कपाटाची हिनं पुन्हा कीव केली असं समजून हर्षालीनं तिला हाकलून लावलं होतं.

मग तिनं ओसरीत विडी ओढत बसलेल्या अमृतला गाठलं. "भाऊजी, बायकोच्या सामानापायी तुमची भांडणं व्हतात. रागात तुमी तर न्हाई ना?"

"वयनी, हात जोडतो!" अमृत उसळला. "त्या खुर्चीपायी आदीच लई भोगलंय. भाऊबीजेला डाग पडला तर म्हणती तुमीच ग्लास ठिवला. तीन दिवस बोलली न्हाई माझ्याशी. आईची आण, मी ग्लास ठिवला नव्हता!"

हर्षालीनं मान खाली घातली. "बरं, आज तुमी दोघं लग्नाला संगं का न्हाई आला?"

"तिला साडी नेसायला वेळ लागणार व्हता. तुमी समदी ट्रॅक्टरनं गेला, मी तुमच्या मागं निघालो, आन ती एकटी मागनं आली. शेवटच्या मंगलाष्टकाला पोचली."

ते हर्षालीलाही आठवत होतं. अक्षता टाकताना समृद्धी शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या हिरव्या पैठणीच्या काठाला कांद्याचं फोलपट चिकटलेलं होतं. हर्षालीनं ते काढलं होतं आणि हळूच चिडवलं होतं, "काय गं, नेसता नेसता कांदं चिरलंस का?" समृद्धी हसली नव्हती.

जी बाई वास सोसत नाही म्हणून कांदा साठवायच्या बराखीकडं वर्षात फिरकत नाही, तिच्या पैठणीला फोलपट कुठून आलं?

४

दुसऱ्या दिवशी बेल्ह्याचा बैलबाजार होता. गोरखला गोऱ्हा बघायचा होता. "मीबी येते," हर्षाली म्हणाली, आणि तो काही बोलायच्या आत मोटारसायकलवर बसली. समृद्धी दारातून बघत होती. ताई माहेरी निघाल्या असं वाटून तिचा चेहरा जरा खुलला, हे हर्षालीनं टिपलं.

बेल्ह्यात बाजाराच्या कडेला, कडुनिंबाखाली चांगदेवबाबांचं सुतारकामाचं दुकान होतं. तरुणपणी ते धरणाच्या कामावरच्या सुतारखात्यात होते. साहेबांच्या बंगल्यातल्या खुर्च्या विणायला तिथंच शिकले. सायबाची खुर्ची लिलावातून आली तेव्हा तिचा मोडका वेत त्यांनीच पुन्हा विणून दिला होता, आणि मासिकातली स्वप्ना ही त्यांचीच धाकटी लेक. वेत विणणारा माणूस नकली खुर्ची कुणी केली ते सांगू शकेल, एवढाच हर्षालीचा हिशेब होता. गोरखला बैलांत सोडून ती एकटी तिथं गेली.

कसं विचारावं, याची जुळवाजुळव ती करत होती. तिला तोंड उघडावंच लागलं नाही.

"या ताई, बसा," चांगदेवबाबा रंधा बाजूला ठेवत म्हणाले. "काय, कशी दिसती जोडी?"

"कसली जोडी, बाबा?"

"आता! खुर्च्यांची. सोप्यात शेजारी-शेजारी मांडल्यात न्हवं?"

५

हर्षालीनं पदरानं घाम पुसला आणि बाजारात घासाघीस करणारी बाई जसा चेहरा कोरा ठेवते तसा ठेवला. "दिसती की छान. पण बाबा, खरी कुठली आन तुमची कुठली?"

म्हातारा खूश झाला. "माझी मलाबी वळखू येणार न्हाई! मापं माझ्याकडं व्हतीच. त्याच बंगल्याच्या दाराच्या फळ्या मिळाल्या, तेच सागवान. त्योच लाखेचा चपडा लावला. खाली बंगल्याच्या सामानाचा सत्तेचाळीस आकडा व्हता, त्योबी घातला. नवा वेत पिवळा दिसतो, तर समृद्धीताई म्हनल्या, चहाच्या पाण्यात भिजवा. पंधरा दिस झालं, टेम्पोनं तुमच्या घरामागल्या जुन्या बराखीत उतरिवली. घरच्यास्नी सरप्राइज द्यायचंय म्हनल्या."

जुनी बराख! पत्रे गळतात म्हणून औंदा तिच्यात कांदा भरलाच नव्हता. आत कुणी जायचं नाही. गेल्या सालच्या फोलपटांचा मात्र घोट्याएवढा थर होता.

"बाबा, चपड्यावर गरम भांडं ठिवलं तर काय हुतं?"

"पांढरं वर्तुळ उठतं. खरडून पुन्हा पॉलिश केल्याबिगर जात न्हाई. का, डाग पडला का काय?"

"न्हाई न्हाई," हर्षाली म्हणाली. "आपलं इचारलं."

"जपा ताई. आमची स्वप्ना तुमच्या घरावर लई खूश हाय. तुमच्यावर तर जास्तच."

"माझ्यावर? मी तर तिला बघितलंबी न्हाई."

"तुमचं ते कपाट! तुमच्या वडलांनी दिलेलं. घरी येऊन म्हनली, बाबा, सोप्यातलं समदं जमवून आणल्यालं हाय, पण मागच्या खोलीत एक कपाट हाय, असलं अस्सल मी पुण्यात पाहिलं न्हाई. म्हनली, पयल्या पानावर त्याचाच फोटो घेनार, मालकिणीला शेजारी उभं करून. समृद्धीताईला तिनं तसं सांगूनबी ठिवलंय. तुमाला न्हाई बोलल्या?"

बाजारात बैल हंबरत होते, दलाल रुमालाखाली बोटं दाबून सौदे करत होते, आणि हर्षालीला मात्र एकच ऐकू येत होतं: तुमच्या वडलांनी दिलेलं. चौदा वर्षांपूर्वी हसलेल्या बायका एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. असला आनंद झाला तिला, की चीड यायला जरा उशीरच लागला. पण आली तेव्हा मस्तकापर्यंत आली.

घरी परतल्यावर तिनं गोरखला सरळ बराखीकडं नेलं. कोपऱ्यात खताच्या रिकाम्या गोण्यांचा ढीग होता. तिनं गोण्या ओढल्या. खाली जुन्या मऊ गोधडीत, लेकराला गुंडाळावं तशी गुंडाळलेली सायबाची खुर्ची होती. तिनं उजवा हात बघितला. डाग जागेवर होता.

"आयला!" गोरख म्हणाला. "मग घरातली?"

"घरातली नकली. चांगदेवबाबांनी केलेली."

"तुला काय म्हाईत? उद्या समृद्धी म्हणंल, बराखीतली नकली, मी हौसेनं करून घेतलेली. घरातली खरी, आन ती तू फाडली. मग?"

मग एकच गोष्ट दाखवायला उरत होती, तो डाग; आणि तो कुणी पाडला हे निघाल्याशिवाय राहणार नव्हतं. ती दाखवायची की मुकाट मळ्यात राहायला जायचं, हे हर्षालीला ठरवायचं होतं.

६

सकाळी दहा वाजता तिनं आणि गोरखनं ती खुर्ची सोप्यात आणून फाटक्या खुर्चीशेजारी ठेवली. बयाबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. समृद्धीचा चेहरा पांढराफटक पडला, पण पोरगी हुशार, लगेच सावरली.

"ही चांगदेवबाबांनी केलेली, आत्या. सरप्राइज म्हणून मी लपवून ठेवली होती. ताईंनी तेवढीही उघडी पाडली. खरी तर त्यांनी आधीच फाडून टाकली."

"नकली व्हती तर मऊ गोधडीत का गुंडाळली?" हर्षालीनं विचारलं. "बरं, ते जाऊं दे. आत्या, मला एक सांगा. ज्याला ह्या खुर्चीचा राग असंल, त्यो कुठली फाडील? खरी का खोटी?"

"खरीच की," बयाबाई म्हणाल्या.

"आन खोटी करून घिऊन, चहाच्या पाण्यात वेत भिजवून, ती कोण फाडील? ज्याचा खरीवर जीव हाय त्योच. मला फाडायची असती तर मी खरी फाडली असती, आत्या. माझा काय जीव व्हता तिच्यावर?"

"पण फाटलेलीच खरी आहे!" समृद्धी ओरडली. "दोन्ही सारख्या आहेत. खाली आकडाही सारखा आहे. काय पुरावा आहे?"

हर्षालीनं बराखीतल्या खुर्चीच्या उजव्या हातावर बोट ठेवलं. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"ह्यो डाग. भाऊबीजेला पडल्याला. ह्या खुर्चीवर हाय, फाटलेलीवर न्हाई. तो भाऊजींनी पाडला न्हाई. मी पाडला. उकळता ग्लास शंभर मोजूस्तोवर दाबून धरला. जळत व्हते मी तुझ्यावर. आजबी जळते. पण फाडली न्हाई मी."

अमृतनं कपाळावर हात मारला. "वयनी! तीन दिवस! तीन दिवस बायको माझ्याशी बोलली न्हाई, आन तुमी रोज मला बघत भाकऱ्या थापत व्हता!"

"चुकलं भाऊजी. दुसऱ्यावर आळ जातोय तर जाऊं दे, असंच वाटलं मला." ती समृद्धीकडं वळली. "तुला वाटलं तसंच."

समृद्धी खाली बसली ती रडायलाच लागली. पण त्या रडण्यातही राग होता.

"मग काय करू? दोन वर्षं मी भंगारवाल्यांच्या दारात उभी राहिले. लिलावात पुरुषांच्या घोळक्यात बोली लावली. काड्याकाड्या जमवून हा सोपा केला. आणि ती स्वप्ना येते, पाणी प्यायला म्हणून मागं जाते आणि म्हणते, या घरातली खरी वस्तू ही! पिठाच्या डब्यांखाली सडणारी! तुम्ही त्यासाठी काय केलंत, ताई? नुसतं लग्न केलंत! मी बदलून मागितलं तर दिलं नाहीत. ती येईल तेव्हा तुम्ही घरात नसाव्यात, एवढंच मला हवं होतं. तुम्हाला इतकं जळताना बघितलं होतं, वाटलं, ह्यांच्यावर सगळे विश्वास ठेवतील."

"ठिवलाच की," हर्षाली गोरखकडं बघत म्हणाली. गोरखनं नजर चुकवली.

तिला वाटलं होतं, समृद्धी उघडी पडली की गार वाटेल. तसं झालं नाही. आपल्यावर, आपल्या त्या फाकलेल्या पायांच्या कपाटापायी, ही मंचरची फ्रिजवाली जळते, हे ऐकून मात्र तिला मनातून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला बोला!

"एकाच माळेचं मणी दोघी," बयाबाई म्हणाल्या. "मळ्यात कुणीबी जायचं न्हाई. समृद्धी, ती फाटकी खुर्ची नव्यानं विणून आण आन थोरलीच्या खोलीत ठिव. आळ घेतला त्याची भरपाई. आन थोरले, तू ते पिठाचं डबं उतरव. पावणं येत्याल आता."

बारा वाजता स्वप्ना आली. तिला कुणी काही सांगितलं नाही. तिनं कपाटाचा फोटो काढला आणि शेजारी हर्षालीला उभं केलं. "हसा की ताई," ती म्हणाली. हर्षालीला हसू येईना, तेव्हा मागून समृद्धीच म्हणाली, "पदर सारखा करा, आणि दार थोडं सरकवा, आतली फळी दिसू दे." तेवढं तिला कळत होतं आणि तेवढं सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

दोन महिन्यांनी मासिक आलं. पहिल्या पानावर जानकूचं कपाट होतं, आत तीन पानं समृद्धीचा सोपा. हर्षालीनं पहिलं पान फाडून माहेरी धाडलं. समृद्धीनं पानं मोजली आणि तीन जास्त की एक जास्त, याचा दिवसभर विचार केला.

नवी विणलेली खुर्ची आता मागच्या खोलीत कपाटाशेजारी असते. कपाटावर प्लास्टिक नाही. एका दुपारी हर्षाली ऐटीत तिच्यावर बसली होती, तर समृद्धी चहा घेऊन आली. तिनं वाफाळता स्टीलचा ग्लास हर्षालीच्या हातात दिला नाही. खुर्चीच्या उजव्या हातावर ठेवला आणि वर बोट दाबून धरलं.

"अगं अगं! डाग पडंल!"

समृद्धी तोंडातल्या तोंडात मोजत होती. शंभर झाल्यावर तिनं ग्लास उचलला. खाली वाटीएवढं पांढरं वर्तुळ उठलं होतं.

"आता झाली जोडी," ती म्हणाली.

हर्षालीची खुर्ची होती ती! भाऊबीजेच्या दिवशी समृद्धीला काय झालं असेल, ते तिला आत्ता कळलं. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि डाग घासू लागली.

"काही उपयोग नाही, ताई," समृद्धी शेजारी उकिडवी बसत म्हणाली. "मी तीन दिवस घासलं होतं."